टारगट

शिरगुप्पे उतरला दुपारच्या एसटीतून,
गळ्यात कार्ड, काखेत गुंडाळलेली जांभळी छत्री,
कंपनीची. उघडली की माझं अर्धं दुकान झाकेल एवढी.
म्हणाला, मावशी, दोन तास लावू का इथे?
म्हटलं, लाव. भाडं म्हणून फ्रिज पुसून दे.
त्याने पुसला. खालचा कप्पासुद्धा.

त्याच्या कागदावर एक चौकट होती,
वय सोळा ते चोवीस, आणि वर लिहिलेलं: टार्गेट.
मी बिनचष्म्याची. वाचलं: टारगट.
म्हटलं, अगदी बरोबर लिहिलंस बाबा,
पाच वाजले की बघ, जेटीच्या कठड्यावर
ओळीने बसतात, वाळत घातलेल्या बांगड्यांसारखे.

या दोरीवर मी काय काय टांगलं म्हणून सांगू.
केस उभे करणारी जेल, मग केस बसवणारं तेल,
दाढी नसलेल्या पोरांना दाढीचं तेल,
आणि गेल्या वर्षी ती काळी टूथपेस्ट, कोळशाची.
आमच्या बायकांनी जन्मभर मिशरी लावली
तर पाहुणे तोंड फिरवून हसायचे.
आता तीच काळी बोटं एकशे वीस रुपयांना,
आणि दुर्वेश कुबल रांगेत पहिला.

पाचला आले.
कंपनीचं पेय निळं, नाव झपाट,
वास इंजिन धुतलेल्या पाण्याचा.
सुफियान तीन डबे प्यायला, फुकट म्हणून,
चौथा लहान भावासाठी खिशात.
दुर्वेशला टी-शर्ट मिळाला, छातीवर मोठ्या अक्षरांत
थांबू नकोस.
तो घालून तो तासभर तिथेच थांबला.

मग शिरगुप्पेने विचारलं, ती सेजल कोण?
खवणेकरांची, आईशेजारी मासे कापते,
तिच्या रीलला सतरा हजार लोक येतात म्हणे.
एवढे आमच्या जत्रेलाही येत नाहीत.
त्याने तिला सांगितलं, हातावरचे खवले राहू देत,
ते खरं वाटतं. पाटी नीट दिसू दे.
फक्त माशी नको. आणि शेवटी डबा उघडून हस.
मोबदला म्हणून दहा डबे, शिवाय तुझ्या नावाचा कोड,
तो वापरला की लोकांना सवलत.

सेजलने कोयती पाण्यात बुडवली.
लोकांका सवलत, मग माका काय?
तो म्हणाला, ओळख.
ती म्हणाली, वळख आसा माजी, सगळो बाजार वळखता.
भवानी उधार करणंय नाय मी.
एका रीलाचे साडेतीन हजार, दोन घेतलात तर साडेसहा,
खवले दाखवूचे वेगळे.
आणि आई शेजारी, मान वर न करता,
सुरमईचा वाटा लावत होती,
तोच सूर, तोच थांबा, शेवटच्या आकड्याआधी
घेतलेला तोच श्वास.

शिरगुप्पेने फोन लावला. वरच्या साहेबाने त्याच्या वरच्याला लावला.
ठरलं तेविसशे पन्नासवर.
पोरं टाळ्या वाजवत होती, मीही वाजवली,
हातात सुट्टे होते, ते सांडले.

छत्री मिटली तेव्हा उजेड गेला होता.
तो बाकड्यावर बसला, पाय लांब करून,
आणि स्वतःचा निळा डबा बाजूला सारून
माझ्याकडे कोकमाचं सरबत मागितलं.
महिन्याला चारशे डबे, म्हणाला, नाहीतर पुढच्या महिन्यात
मी नाही. वय विचारलं.
तेवीस.
कागद त्याच्या मांडीवर होता, त्या चौकटीसकट.
मी सरबताचे पैसे घेतले नाहीत. तसं घेते.

परवा सकाळी बंदरावर गेले बर्फ आणायला.
कुबलांच्या जाळ्याची खूण
बांबूला बांधलेली, पाण्यात उभी,
खाली दगडाचा नांगर.
फडकं जांभळं होतं.
लाट आली की अक्षरं उलगडायची, थांबू,
मग पुन्हा गुंडाळायची.